प्लाझ्मा स्टरिलायझर वापरून बघितला: सीएसएसडीतल्या सिस्टरचा रिव्ह्यू

आधी उत्तर देते, बाकीचं सावकाश वाचा. तुमच्याकडे दुर्बिणीची ऑपरेशनं नेमाने होत असतील, टेलिस्कोप (म्हणजे पोटात घालायची दुर्बीण) आणि केबल अजून ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये भिजत पडत असतील, आणि हत्यारं धुऊन खडखडीत वाळवायला माणूस, जागा आणि वेळ असेल, तर प्लाझ्मा स्टरिलायझर, म्हणजे गरम वाफेऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, जरूर घ्या. यातली शेवटची गोष्ट नसेल तर थांबा, आणि तोवर धुण्याचं टेबल सुधारा. पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे कापला ते पुढे येईलच.

मी मिरजेत एका मध्यम हॉस्पिटलची सीएसएसडी सांभाळते. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आलेली वापरलेली हत्यारं धुणं, मोजणं, पॅक करणं, निर्जंतुक करून परत ओटीत देणं, हे आमचं काम. त्याआधी बरीच वर्षं स्क्रब नर्स, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देणारी, होते. म्हणजे "सेट कुठंय अजून?" असं ओरडणाऱ्यांतलीही मी होते आणि आता ज्यांच्या नावाने ओरडतात त्यांच्यातलीही आहे. यंत्राच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. सर्व्हिसचा करार अजून चालू आहे, हे एक. आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा यंत्राला लागू पडतं, हे दुसरं.

यंत्र घ्यायची वेळ का आली ते सांगते, नाहीतर चार तारे कशाचे ते कळणार नाही.

ऑटोक्लेव्हला तोड नाही. १३४ अंशांची वाफ चार मिनिटं, किंवा १२१ अंशांची पंधरा-वीस मिनिटं, आणि धातूचं कुठलंही साधं हत्यार बिनघोर वापरा. पण ऑटोक्लेव्ह चालत नाही असा शिक्का असलेला जुना टेलिस्कोप, कॅमेरा हेड, काही कॉटरीच्या वायरी, बॅटरीवरचं ड्रिल, युरोलॉजीवाल्या सरांचा वाकणारा स्कोप, या सगळ्यांचा त्या वाफेत सांजा होतो. त्यांच्यासाठी आमच्या पिढीने तीन रस्ते वापरले. डब्यात फॉर्मलिनच्या गोळ्या टाकून हत्यारं ठेवायची, आणि झाकण उघडलं की डोळ्यांतून पाण्याच्या धारा. दुसरा रस्ता ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड. गॅस उत्तम, बारीकसारीक नळीतही शिरतो, पण पेट घेणारा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात त्याचं नाव आहे. शिवाय सायकल (यंत्राची एक पूर्ण फेरी) संपल्यावर आठ ते बारा तास गरम हवेत एअरेशन करावं लागतं, तेव्हा कुठे वस्तू हातात घेता येते. एकच टेलिस्कोप असलेल्या हॉस्पिटलला हे कसं परवडणार?

म्हणून सगळे तिसऱ्या रस्त्याने गेले. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडचा ट्रे. दोन केसच्या मध्ये वीस मिनिटं बुडवायचं, स्टराइल पाण्याने धुवायचं, पुसायचं, सरांच्या हातात द्यायचं. वीस मिनिटांत साधे जंतू मरतात, बीजाणू (कवच घालून सुप्त बसलेले चिवट जंतू) मरत नाहीत. बीजाणूंसाठी दहा तास लागतात, आणि पित्ताशयाच्या दोन ऑपरेशनांमध्ये दहा तास कोण देणार? द्रावण किती दिवसांचं, त्यात किती पाणी पडलंय, याचा हिशेब ज्याच्या त्याच्या देवावर. त्यात भर धुण्याच्या पाण्याची. "स्टराइल पाणी" म्हणून कुठे कुठे काय वापरतात ते मी इथे लिहीत नाही.

याचा परिणाम ज्याने बघितलाय तो विसरत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन झकास होतं, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो, टाके निघतात. तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छेदात गाठ येते, ती फुटते, पातळ स्राव येतो. साध्या अँटिबायोटिकने हटत नाही, नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. बऱ्याचदा ते क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असतात, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम किंवा किलोनी. नळाच्या पाण्यात मजेत राहणारे, ग्लुटाराल्डिहाइडला फारसे न घाबरणारे. मग महिनोन्‌महिने औषधं, कधी परत कापून सगळा मार्ग काढावा लागतो. भारतातल्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत अशा केसेस भरपूर छापून आल्यात. आमच्याकडे एक शंकास्पद केस आली आणि मॅनेजमेंटने तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवली.

आलेलं यंत्र उभ्या फ्रीजएवढं आहे. आत चौकोनी चेंबर, दोन रॅक, बाजूला केमिकलची जागा. दार बंद केलं की आत काय चाललंय ते दिसत नाही, नुसता पडदा आणि पंपाची घरघर. सेट दारातून आत टाकल्यापासून बाहेर येईपर्यंत आमच्या मॉडेलला तासाच्या आत-बाहेर. चेंबर पन्नास अंशांच्या आसपास राहतं. बाहेर आलेलं पॅक कोमट लागतं, कोरडं असतं आणि लगेच ओटीत जातं. एअरेशन नाही, धुणं नाही, वास नाही. आमच्या सरांना सगळ्यात आवडलं ते हेच. सकाळच्या लिस्टला पहिली केस झाली की टेलिस्कोप आमच्याकडे येतो आणि तिसऱ्या केसला खरोखर निर्जंतुक होऊन परत जातो. मधल्या केससाठी दुसरा टेलिस्कोप घ्यावा लागला, ते बिल यंत्राच्या किमतीत धरायला विसरू नका. कोटेशनमध्ये ते नसतं.

आता आत काय होतं ते. पंप आधी चेंबरमधली हवा ओढून घेतो, वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. मग जवळजवळ साठ टक्के तीव्रतेचा हायड्रोजन पेरॉक्साइड थोडासा आत सोडतात. त्याची वाफ होते, ती पॅकच्या आत, हत्याराच्या सांध्यांत, नळ्यांत पसरते. त्यानंतर विजेचं क्षेत्र लावून त्या विरळ वाफेचा प्लाझ्मा करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. हे चक्र सहसा दोनदा होतं. शेवटी पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन उरतो, गाळलेली हवा आत येते, दार उघडतं.

थंड प्लाझ्मा म्हणजे काय हे आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी मला ट्यूबलाइट दाखवून समजावलं. पेटलेल्या नळीला हात लावा, कोमट लागते. पण आत सुटे धावणारे इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या घरातले असतात. ते इतके हलके, की बाकीच्या वायूला आपली उष्णता फारशी देऊच शकत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉन तापलेले आणि वायू थंड. ते इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडच्या रेणूंवर आदळून त्यांचे तुकडे करतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा त्यातला तुकडा भेटेल त्याचं हायड्रोजन ओढून घेतो. जंतूचं आवरण, प्रथिनं, डीएनए, काही सोडत नाही.

आणि इथे विक्रेत्याशी माझं पहिलं भांडण. त्याच्या गुळगुळीत पुस्तिकेत निळ्या-जांभळ्या ज्वाळेत जंतू फुटताना दाखवलेत. प्रत्यक्षात या यंत्रांमध्ये मारण्याचं मोठं काम प्लाझ्मा पेटण्याआधीच झालेलं असतं, पेरॉक्साइडची वाफ पसरते त्या टप्प्यात. प्लाझ्माचं मुख्य काम उरलेला पेरॉक्साइड मोडून टाकण्याचं. हे कमी महत्त्वाचं नाही, उलट त्यामुळेच एअरेशन वाचतं आणि पेशंटच्या पोटात केमिकल जात नाही. पण हे कळलं की यंत्राच्या सगळ्या खोडींचा उलगडा होतो. वाफ जिथे पोचली नाही तिथे काही मेलं नाही, मग वर कितीही प्लाझ्मा पेटू दे. हे मी डेमोला विचारलं तेव्हा तो पोरगा "मॅडम, टेक्निकल टीमला विचारून सांगतो" म्हणाला. अजून विचारतोच आहे.

आता खोडी. पहिली पाणी, आणि यावर मी थोडं जास्त लिहिणार, कारण नव्याने यंत्र घेतलेल्या प्रत्येक सिस्टरचा फोन याच्यासाठीच येतो. "सायकल अबॉर्ट होतंय, मशीन खराब दिलंय."

मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. टेलिस्कोपच्या लाइट पोस्टच्या आट्यांत, ट्रोकारच्या (पोटात दुर्बीण घालायच्या नळीच्या) व्हॉल्व्हमध्ये, सक्शनच्या नळीत थेंबभर पाणी राहिलेलं असतं. पंप हवा ओढायला लागला की ते पाणी उकळतं, वाफ होतच राहते, दाब खाली जात नाही. ठरलेल्या वेळेत दाब पडला नाही की यंत्र काम सोडून देतं. कधी तर तो थेंब त्या निर्वातात गोठून बर्फ होतो आणि त्याच्याखालच्या भागाला वाफ शिवतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कोरडं फडकंसुद्धा दमट असतं. जुलैमध्ये अबॉर्टची संख्या उन्हाळ्याच्या कितीतरी पट झाली, आणि प्रत्येक वेळी केमिकल वाया जाईल की काय म्हणून जीव वरखाली. शेवटी आम्ही मेडिकल एअरची लाइन धुण्याच्या खोलीत घेतली आणि तिला गन लावली. आता प्रत्येक नळीतून हवा मारून पलीकडे टिश्यू धरायचा, टिश्यूवर ठिपका पडला की परत मारायची. मग ड्राइंग कॅबिनेट. आमच्या मावशींनी यात इतकं प्रावीण्य मिळवलंय की ट्रोकार नुसता कानाजवळ हलवून आत पाणी आहे का सांगतात, आणि त्यांचं ऐकल्यापासून अबॉर्ट क्वचितच.

दुसरी गोष्ट पाण्याचीच, पण वेगळी. धुताना शेवटचं पाणी आरओचं हवं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळून हत्यारावर पांढरी पुटं बसतात. त्याहून वाईट नॉर्मल सलाइन. ओटीत केस चालू असताना सलाइनने हत्यार पुसायची जुनी सवय आहे, आणि वाळल्यावर त्याचे मिठाचे कण सांध्यात बसतात. मिठाच्या किंवा रक्ताच्या पापुद्र्याखाली जंतू असेल तर पेरॉक्साइडची वाफ त्याच्यापर्यंत जात नाही. वाफेचा ऑटोक्लेव्ह थोडीफार चूक पोटात घालतो, हे यंत्र अजिबात घालत नाही. त्यामुळे आधी एन्झाइमच्या द्रावणात भिजवणं, सांधा उघडून ब्रश मारणं, नळीत नळीचाच ब्रश घालणं, भिंगाखाली बघणं, हे सगळं होतं तसंच राहिलं. उलट वाढलं. विक्रेत्याने "मनुष्यबळ वाचेल" म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे एक माणूस वाढवावा लागला.

तिसरी खोड कापूस आणि कागद. कापड, गॉज, मॉप, साधा कागद, लाकूड, यातलं काहीही आत चालत नाही. सेल्युलोज पेरॉक्साइड पिऊन टाकतं, हत्यारांच्या वाट्याला काही उरत नाही. ऐकायला सोपं आहे. पण वीस-पंचवीस वर्षं ड्रममध्ये लिनन घालून सेट लावलेल्या हातांना हे सांगून बघा! टेलिस्कोप आपटू नये म्हणून प्रेमाने त्याच्याखाली घडी घातलेला गॉज, सेटमधली हत्यारांची संख्या लिहिलेली कागदी चिठ्ठी, ऑटोक्लेव्हची टेप, कुठून काय निघेल सांगता येत नाही. आमच्या मामांना मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, या मशीनला उपास आहे, कापसाचं काही चालत नाही." तेव्हापासून ते नव्या पोरांना "उपासाचं मशीन" म्हणूनच शिकवतात आणि चुका कमी झाल्यात.

कागदाऐवजी टायव्हेकच्या पिशव्या लागतात. दिसायला कागद, पण पॉलिथिलीनच्या धाग्यांचा, हाताने फाटत नाही. एक बाजू टायव्हेक, एक बाजू पारदर्शक प्लॅस्टिक. वाफ टायव्हेकच्या बाजूनेच आत जाते. म्हणून रॅकमध्ये पिशव्या उभ्या लावायच्या, एकीचं प्लॅस्टिक दुसरीच्या टायव्हेककडे, एकावर एक थप्पी नाही, आणि चेंबरच्या भिंतीला काही टेकू द्यायचं नाही. या पिशव्या महाग आहेत. आणि त्या चुकून १३४ च्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या की आक्रसून हत्याराला चिकटतात, मग सोलत बसा. दोन्ही पिशव्यांची कपाटं वेगवेगळी ठेवा, एवढंच सांगते.

चौथं, नळ्या. खूप लांब आणि खूप बारीक नळीत वाफ शेवटपर्यंत जात नाही. आतला व्यास साधारण एक मिलिमीटरपेक्षा कमी किंवा लांबी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असेल तर स्वतःच्या मनाने ठरवू नका. यंत्राच्या पुस्तिकेत कुठल्या सायकलला कुठली नळी चालते त्याचा तक्ता असतो, आणि स्कोपच्या कंपनीचंही लेखी हवं. विक्रेता तोंडी "होऊन जातं मॅडम" म्हणतो. ते लेखी मागितलं की सूर बदलतो. एका बाजूने बंद असलेली नळी तर नकोच.

वाकणाऱ्या स्कोपबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. स्कोपला व्हेंट कॅप नावाचं छोटं झाकण असतं. पाण्यात गळतीची तपासणी करताना ते काढायचं आणि प्लाझ्मात किंवा ईटीओत घालताना न चुकता लावायचं. लावलं नाही तर स्कोपच्या आत अडकलेली हवा निर्वातात फुगते आणि टोकाचं वाकणारं रबर फाटतं. ओळखीच्या एका हॉस्पिटलमध्ये हे घडलंय. दुरुस्तीचा आकडा ऐकून तिथल्या मॅनेजरने प्लाझ्माला कायमचा रामराम ठोकला. आम्ही आमच्या स्कोपची कॅप लाल दोरीने त्याच्या खोक्याला बांधलीये. दोरी नायलॉनची, अर्थात ती बाहेरच राहते.

नायलॉनवरून आठवलं. पेरॉक्साइड वारंवार खाऊन नायलॉन ठिसूळ होतं, रंगीत अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनिअमच्या खोक्यांचा रंग उडतो, आणि तांबं-पितळ पेरॉक्साइडला वाटेतच मोडून टाकतं. जुन्या हत्यारांच्या गर्दीत पितळी तुकडे निघतातच, ते बाजूला काढा. आणि जे ऑटोक्लेव्हमध्ये चालतं ते ऑटोक्लेव्हमध्येच घाला. नवीन यंत्र आलं की सगळ्यांना सगळंच त्यात घालायची हौस येते. आर्टरी फोर्सेप्ससारख्या साध्या धातूच्या चिमट्यांना प्लाझ्मा म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? पिशवीवरच्या पट्टीचा रंग बदलतो. आमच्याकडच्या पट्ट्या लालच्या पिवळ्या होतात, कंपनीगणिक रंग वेगळे. पण रंग बदलला याचा अर्थ तिथे पेरॉक्साइड पोचला इतकाच. जंतू मेले की नाही ते बीजाणूंची कुपी सांगते. प्लाझ्मासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची कुपी लागते, तिच्यात साधारण दहा लाख बीजाणू असतात. ईटीओची कुपी वेगळ्या जंतूची, ती इथे वापरू नका. कुपी चेंबरमध्ये सगळ्यात अवघड जागी ठेवायची, सायकल झालं की फोडून पंचावन्न-साठ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये लावायची. जांभळं पाणी जांभळंच राहिलं तर ठीक, पिवळं झालं तर जिवंत. शेजारी सायकलला न घातलेली एक कुपीही लावायची, आणि ती पिवळी झालीच पाहिजे. ती जांभळी राहिली तर तुमचा सगळा निकाल रद्दी. ही दुसरी कुपी पैसे वाचवायला न लावणारी हॉस्पिटलं मी बघितलीत. एनएबीएचची (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या मंडळाची) माणसं आली की पहिल्यांदा हेच रजिस्टर मागतात. आमचं दाखवताना मला घाम येत नाही, याचं श्रेय थोडं यंत्राला, बरंचसं लिहिणाऱ्या पोरींना.

हाताला जपा. सायकल मध्येच अबॉर्ट झालं तर पिशव्यांवर पेरॉक्साइड राहिलेला असू शकतो. प्लाझ्माने त्याला मोडायचं काम झालेलंच नसतं. उघड्या हाताने काढलं की बोटं पांढरीफटक पडतात, आग होते. काही तासांत रंग परत येतो, पण डोळ्यांत गेलं तर विषय वेगळा. हातमोजे दारालाच लटकवून ठेवलेत.

पाचवा तारा कापला तो सर्व्हिससाठी. यंत्र खरेदीपर्यंत रोज फोन होते. बसवल्यावर इंजिनिअर पुण्याहून येणार, आणि तो येणार म्हणजे कधी येणार याचं उत्तर कुणाकडे नाही. व्हॅक्यूम पंपाचं तेल, दाराचं रबर, फिल्टर, या ठरलेल्या वेळी बदलायच्या गोष्टी. त्यांचे पार्ट करारात आहेत की नाहीत हे खरेदीच्या दिवशीच वाचा. आमच्या करारात "कन्झ्युमेबल वगळून" असे दोन शब्द होते आणि कंपनीच्या मते दाराचं रबरसुद्धा कन्झ्युमेबल! केमिकलही फक्त त्यांचंच चालतं, बाटलीवरची चिप यंत्र वाचतं, तारीख उलटली की घेत नाही. म्हणजे वापर कमी असेल तर अर्धी बाटली फेकायची. विजेचं म्हणाल तर आमच्याकडे लाइट जाते-येते, आणि सायकल चालू असताना ती गेली की पहिल्यापासून सुरुवात. यूपीएसला जोडून घ्या, जनरेटर सुरू व्हायला लागणाऱ्या क्षणांतही सायकल जातं. यंत्राचा भाव लिहीत नाही, आम्हाला सांगितलेला पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांत इतकं अंतर होतं की कुठला खरा ते मलाच माहीत नाही. घासाघीस करा.

आता त्याच विक्रेत्याने आणलेल्या दुसऱ्या खेळण्याबद्दल, कारण बरेच जण विचारतात. हातात धरायचं, हेअर ड्रायरसारखं दिसणारं, "कोल्ड प्लाझ्मा, ओटी टेबल, गाद्या, बेडचे कठडे क्षणात जंतुमुक्त". यात निर्वात नाही, पेरॉक्साइड नाही, साध्या हवेतच उच्च दाबाच्या विजेने प्लाझ्मा करतात. तत्त्व खोटं नाही. काचेच्या आडून विजेचं विसर्जन करून ओझोन करायची नळी वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ सालीच केली होती. आज जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या प्लाझ्मा संस्थेच्या कामातून निघालेली किनपेन मेड नावाची आर्गॉनची लेखणी जखमांवर वापरतात, तिला २०१३ पासून युरोपात वैद्यकीय उपकरणाची मान्यता आहे. आपल्याकडे गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, तिथेही उद्योगांसाठी प्लाझ्माची कामं होतात. त्यामुळे मी नाक मुरडलं नाही. पॅथॉलॉजीच्या सरांना म्हटलं, बघूया.

सरांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू पसरलेली प्लेट घेतली, यंत्राचं तोंड मधोमध जवळ धरलं, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास सुटला. प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी मध्ये रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ आणि त्याच्या काठापासून पुढे गच्च वाढ. म्हणजे मारतं, नक्की मारतं. पण जिथे धरलं तिथेच, जवळ धरलं तरच, आणि बराच वेळ धरलं तर. तोंड बोटभर लांब नेऊन केलेल्या प्लेटवर वर्तुळाचा पत्ता नव्हता. प्लाझ्मात तयार होणारे असे अल्पायुषी तुकडे हवेत फार लांब टिकतच नाहीत. आता हिशेब करा, रुपयाएवढ्या जागेला एवढा वेळ, तर अख्ख्या ओटी टेबलाला किती? त्यात टेबलाच्या खाचा, गादीची शिवण, वाळलेल्या रक्ताचा डाग. वर बंद खोलीत ओझोन साठतो तो वेगळाच, घसा धरतो. मावशी बादली, डिटर्जंट आणि हायपोक्लोराइट घेऊन तेच टेबल दहा मिनिटांत व्यवस्थित पुसतात. या खेळण्याला दोन तारे, तेही सरांना प्लेटची मजा आली म्हणून. मोठ्या पृष्ठभागांसाठी घेऊ नका.

चेंबरवाल्या यंत्राकडे परत. ग्लुटाराल्डिहाइडचे ट्रे आमच्या ओटीतून गेले. त्यामुळे स्टाफचे चुरचुरणारे डोळे आणि पिवळट तपकिरी पडलेली बोटंही गेली, याचं मोल कोटेशनच्या तुलनेच्या तक्त्यात कुणी मांडत नाही. बदलानंतर छेदाच्या जागची तसली गाठ आमच्याकडे परत दिसलेली नाही, पण मुळात शंकास्पद केस एकच होती, तेव्हा यावरून यंत्राला प्रमाणपत्र देणं बरोबर नाही. धुण्याची पद्धतही त्याच वेळी बदलली, पाणीही बदललं. कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही.

लहान नर्सिंग होमवाल्यांना माझा सल्ला वेगळा आहे. महिन्याला चार-सहा दुर्बिणीच्या केसेस असतील तर स्वतःचं यंत्र घेऊ नका, केमिकलची तारीखच उलटेल. त्यापेक्षा ऑटोक्लेव्ह चालणारा टेलिस्कोप घ्या, आता मिळतात, आणि आहे त्याच वाफेवर काम भागवा. किंवा गावात दोन-तीन हॉस्पिटलांनी मिळून एक यंत्र ठेवा. मिरज-सांगलीसारख्या ठिकाणी हे सहज जमण्यासारखं आहे, फक्त धुऊन-वाळवून कुणी द्यायचं आणि पिशवी कुणी सील करायची ते आधी कागदावर ठरवा.

डेमो मागताना विक्रेत्याने आणलेली चकचकीत कात्री आत घालू देऊ नका. तुमचाच सगळ्यात लांब स्कोप द्या, तुमच्याच पाण्याने धुतलेला, बीजाणूंची कुपी चेंबरमधल्या सगळ्यात अवघड जागी, आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये बोलवा. इनक्युबेटरचा निकाल हातात येईपर्यंत ऑर्डरवर सही नको.